हेलियमचा माठ

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, "हेलियम संपलं की दुर्बीण भंगारात का?" हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला. स्पिट्झर या नासाच्या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीवरूनच सांगतो.

ऊब असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, किरण सोडते. आरसा खोलीइतका उबदार असेल तर 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास तो स्वतःच इतका उजळतो की दूरच्या दीर्घिका त्यात बुडून जातात. म्हणून स्पिट्झरचा 85 सेंटीमीटरचा बेरिलियमचा आरसा 5.5 केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे 268 अंशांपर्यंत, उतरवला होता. एवढ्या थंडीत आरशाचा आकार किंचित बदलतो. तो बदल आधी थंडीतच मोजला आणि नेमका उलटा आकार घासून ठेवला.

आई, गारव्याची युक्ती आपल्या माठाचीच. थोडं झिरपून उडतं, उरलेलं गार राहतं. फक्त आत पाण्याऐवजी अतिप्रवाही हेलियम, म्हणजे इतकं थंड द्रव हेलियम की ते घर्षणाशिवाय वाहतं. अंतराळात द्रव खाली, वाफ वर असं होत नाही, त्यामुळे तोंड नुसतं उघडं ठेवलं तर द्रवही निसटेल. म्हणून तिथे बारीक छिद्रांची चकती बसवतात. बाष्पीभवनाने तिची बाहेरची बाजू जास्त थंड होते आणि अतिप्रवाही हेलियम उबेकडे धावतं, म्हणजे परत आत. बाहेर पडते ती वाफच.

हिशेब मात्र कडक. एक वॅट उष्णता आत शिरली तरी तासाला लिटरभर हेलियम उडतं. स्पिट्झरचं 360 लिटर पंधरवडाभरही टिकलं नसतं. ते ऑगस्ट 2003 ते मे 2009 पुरलं, कारण सरासरी उष्णता दहा मिलिवॅटच्याही आत ठेवली होती. आधीच्या आयएसओ दुर्बिणीत अख्खी दुर्बीणच हेलियमच्या थर्मासात होती. दोन हजारांवर लिटर अडीच वर्षांच्या आत संपलं. स्पिट्झरमध्ये फक्त उपकरणं थर्मासात ठेवली आणि दुर्बीण उबदारच उडवली. ती पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरत असल्याने पृथ्वीची ऊब टळली. सौरपट्ट्याच्या सावलीतली काळी बाजू आपली उष्णता अवकाशात टाकत राहिली. उरलेलं काम उडत्या हेलियमच्या वाफेने केलं.

यात एक चूकही महागात पडते. 1999 मध्ये 'वायर' या दुर्बिणीचं झाकण उड्डाणानंतर लगेच, वेळेआधी उडालं. आतला गोठवलेला हायड्रोजन भराभर वाफ होऊन निघाला, त्याच्या धक्क्याने यान गरगरत राहिलं आणि मूळ मोहीम तिथेच बुडाली.

आता तुमचं उत्तर. हेलियम संपल्यावर स्पिट्झर 28 केल्विनच्या आसपास स्थिरावली. लांब तरंगलांबीची उपकरणं निकामी झाली, पण 3.6 आणि 4.5 मायक्रॉनचे कॅमेरे चालू राहिले. त्यामुळे भंगार म्हणायचंच, तर 30 जानेवारी 2020 नंतर म्हणा, त्या दिवशी ती बंद केली.

तुमचा लेक