सांभाळायला दिलेली मुलं

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मोकळी आहेस म्हणालीस, तर तिथे अ‍ॅमस्टरडॅममध्येच प्लांताझे मिडनलान या रस्त्यावर जाऊन ये. तिथल्या एका जुन्या अध्यापक विद्यालयाच्या इमारतीत २०२४ साली राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय उघडलंय. आत शिरण्याआधी तिथे काय घडलं ते माझ्याकडून ऐक. ही गोष्ट पाळणाघराची आहे, आणि माझं आयुष्य पाळणाघर चालवण्यात गेलं हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात होतं. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्या रस्त्यावरच्या एका नाट्यगृहात ज्यूंना आणून कोंडायला सुरुवात केली. तिथून वेस्टरबोर्कची छावणी, आणि पुढे ऑश्विट्झ किंवा सोबिबोर या मृत्युछावण्या. आतल्या गर्दीत लहान मुलं नकोत म्हणून त्यांना समोरच्या पाळणाघरात ठेवू लागले. हेन्रिएट पिमेंटेल तिथल्या प्रमुख. त्या स्वतः ज्यू, साठी उलटलेल्या. त्यांच्या हाताखालच्या मुलीही ज्यू, बहुतेक तुझ्याहून लहान.

नाट्यगृहाचा कारभार वाल्टर झ्युस्किंड नावाच्या ज्यू गृहस्थाकडे होता. तो आणि त्याचा सहकारी फेलिक्स हाल्फरश्टाट नोंदींमधून मुलांची नावं गायब करायचे. कागदावर मूल नसलं की मोजणीत कमी पडत नाही. मग मुलाला बाहेर काढायचं. रस्त्यापलीकडे नाट्यगृहाच्या दारात पहारेकरी उभा असे. नऊ नंबरची ट्राम मध्ये येऊन थांबली की तेवढ्यापुरतं त्याला पाळणाघराचं दार दिसत नसे. त्या क्षणी कुणीतरी मुलाचा हात धरून बाहेर पडायचं, ट्रामच्या बाजूने धावत पुढचा थांबा गाठायचा आणि चढायचं. आतल्या प्रवाशांना सगळं दिसत असे, पण कुणी तोंड उघडलं नाही. तान्ही बाळं पाठपिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून गेली. शेजारच्या अध्यापक विद्यालयाची बाग पाळणाघराच्या बागेला लागून होती, तिथून कुंपणावरूनही मुलं पलीकडे दिली गेली. विद्यालयाचे प्राचार्य योहान फान हुल्स्ट त्यात सामील होते. पुढे विद्यार्थ्यांचे गट मुलांना दूर खेड्यांतल्या घरी पोचवत. अशी सुमारे ६०० मुलं वाचली.

पण मला सगळ्यात जास्त विचार पडतो तो आईबापांना विचारण्याच्या कामाचा. त्यांच्या परवानगीशिवाय मूल सहसा नेत नसत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने कोंडलेल्या बाईजवळ जाऊन हळूच म्हणायचं, तुमचं बाळ आमच्याकडे द्या, कुठे नेऊ ते सांगता येणार नाही. कित्येकांनी नाही म्हटलं. गाड्या कुठे जाताहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, कामाच्या छावणीत निदान कुटुंब एकत्र राहील असं वाटत होतं. त्यांना मी काडीचाही दोष देत नाही. ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्यापैकी काहीजणी ट्रकमध्ये चढल्या तेव्हा हातात दुपट्यात गुंडाळलेली बाहुली होती, पहारेकऱ्याला बाळ दिसावं म्हणून. सकाळी आठ वाजता माझ्या दारात मूल सोडून ऑफिसला जाणारी आई तीनदा मागे वळून बघते, आणि संध्याकाळी तिला ते परत मिळणार असतं.

अशा गोष्टी सांगताना वाचवणारे वेगळे आणि वाचवले जाणारे वेगळे, अशी विभागणी आपण सहज करतो. इथे वाचवणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यावर तीच टांगती तलवार होती. जुलै १९४३ मध्ये पिमेंटेलबाईंना नेलं, सप्टेंबरमध्ये ऑश्विट्झला मारलं. झ्युस्किंडची पत्नी आणि लहान मुलगी १९४४ मध्ये तिथेच गेल्या, आणि युद्ध संपायच्या आत तोही गेला. २९ सप्टेंबर १९४३ ला पाळणाघर रिकामं केलं. फान हुल्स्ट १०७ वर्षं जगले. शेवटी बारा मुलं नेता आली, तेरावं का नाही नेलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुढे विचारत ठेवला.

आता एक गोष्ट जी माझ्या मनातून जात नाही. १९४३ मध्ये विद्यालयात परीक्षेसाठी खिझिना फान डर मोलेन नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांना बाळांचं रडणं ऐकू आलं. ही ज्यू मुलं का, असं त्यांनी विचारलं. फान हुल्स्टनी उत्तर टाळलं. बाई स्वतःच भूमिगत चळवळीतल्या निघाल्या आणि मदतीला लागल्या. युद्धानंतर पालक गमावलेल्या मुलांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सरकारी आयोगाच्या त्याच अध्यक्ष झाल्या, आणि तिथे मोठा वाद पेटला. ही मुलं ज्यू नातेवाइकांकडे, ज्यू समाजात वाढावीत अशी ज्यू संघटनांची मागणी होती. बरीच मुलं मात्र ख्रिस्ती पालकांकडेच राहिली. त्या घरांचा लळा लागला होता हे खरं, आणि दोन-तीन वर्षांचं मूल एका कुशीतून काढून दुसऱ्या कुशीत देणं काय असतं हे मला नीट माहीत आहे. तरीही मी ज्यू संघटनांच्या बाजूची आहे. त्या आयांनी मूल सांभाळायला दिलं होतं, देऊन टाकलं नव्हतं. त्या परत आल्या नाहीत, म्हणून त्यांचा शब्द संपत नाही. फान डर मोलेनबाईंचं धाडस मी कमी लेखत नाही, पण इथे त्यांचं चुकलं असं मला वाटतं.

तुझं मत वेगळं असू शकतं. संग्रहालय बघून आलीस की फोन कर. पिमेंटेलबाईंबद्दल तिथे काय लिहिलंय ते मला वाचून दाखव, आपल्याकडच्या ताईंनाही सांगायचंय.

तुझी,
आई