अजब गोष्टीसोबत तिचा पत्ताही छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत आंतरजालावरच्या अजब आणि कल्पक गोष्टींची एक चौकट येते. तिची निवड नेटकी असते, आणि ती वाचून अनेकांना असा संग्रह आपणही करावा असे वाटत असणार. म्हणूनच त्या चौकटीखालच्या ‘सौजन्य : इंटरनेट’ या शब्दांबद्दल कळकळीने लिहीत आहोत. प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कुठेतरी, एका ठरावीक दिवशी प्रसिद्ध केलेली असते. हे तपशील गळाले की हातात नुसता फॉरवर्ड उरतो.

चित्राचे मूळ शोधायला उलटा चित्रशोध वापरतात, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच देऊन ते जालावर कुठे कुठे आहे ते शोधतात. 2008 पासून चालू असलेल्या टिनआय या शोधयंत्रात निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावता येतात. पण समोर येणारी तारीख त्या यंत्राला चित्र प्रथम सापडल्याची असते, चित्र प्रसिद्ध झाल्याची नव्हे. चित्र त्या दिवशी जालावर होते, एवढेच तिच्यावरून कळते. शोध लावण्याआधी चित्राभोवतीची पट्टी आणि वर चिकटवलेला मजकूर कापून टाकावा, नाही तर यंत्र त्याच्याशीच जुळणी करत बसते. काही हाती लागले नाही तर चित्र डावे-उजवे उलटवून पुन्हा शोधावे. उचललेली चित्रे ओळखू येऊ नयेत म्हणून अशी उलटवली जातात. सापडलेल्या प्रतींपैकी सर्वांत मोठी आणि कडा न कापलेली प्रत बहुधा मुळाच्या जवळची असते. कोपऱ्यातली सही तिथेच दिसते. व्हिडिओ असेल तर वेगवेगळ्या दृश्यांची तीन-चार स्थिरचित्रे घेऊन प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घ्यावा. फाइलमधली कॅमेरा, तारीख वगैरे माहिती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना पुसली जाते. त्यामुळे ती नसणे हा कशाचाच पुरावा नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) रचलेली चित्रे या कामात मोठा गोंधळ घालत आहेत. 2024 मध्ये मोराच्या पिल्लांची चित्रे शोधणाऱ्यांना गूगलच्या निकालांत पांढरीशुभ्र, गुबगुबीत, डोक्यावर झोकदार तुरा असलेली पिल्ले दिसू लागली होती. मोराचे खरे पिल्लू मातकट तपकिरी रंगाचे असते आणि चटकन नजरेत भरत नाही. अशा वेळी चित्र एआयचे आहे का हे ओळखायला त्यातली बोटे मोजत बसण्यापेक्षा मुळाकडे जाणे अधिक भरवशाचे. चित्र कोणी काढले, कुठे काढले, त्याच प्राण्याची किंवा वस्तूची त्याच वेळची दुसरी छायाचित्रे आहेत का, हे पाहावे. काहीच सापडत नसेल तर ती गोष्ट संग्रहात न घेतलेली बरी, मग ती कितीही मोहक असो.

मूळ पान सापडले की त्याचा दुवा स्वच्छ करून घ्यावा. समाजमाध्यमांवरून आलेल्या दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ (utm) किंवा ‘एफबीसीएलआयडी’ने (fbclid) सुरू होणारे लांबलचक शेपूट असते. वाचक कुठून आला हे टिपण्यासाठी ते जोडलेले असते, पान उघडायला त्याची गरज नसते. ते काढावे, मात्र डोळे झाकून नाही. यूट्यूबच्या पूर्ण दुव्यात प्रश्नचिन्हानंतरच्या ‘व्ही’पुढे (v=) जी अकरा चिन्हे येतात, तीच त्या व्हिडिओची ओळख असते. ती कापली तर दुवा मेला. शेपूट काढल्यावर दुवा नव्या खिडकीत उघडून पाहावा. आखूड केलेले दुवे तर संग्रहात ठेवूच नयेत. ते ज्या लांब पत्त्यावर नेतात तो उतरवून घ्यावा. गूगलने 2009 मध्ये सुरू केलेल्या आपल्या आखूड दुव्यांच्या सेवेत 2019 पासून नवे दुवे देणे थांबवले आणि वापरात नसलेले जुने दुवे ऑगस्ट 2025 मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. मूळ पान शाबूत असले तरी असा दुवा जपणाऱ्याच्या हाती काही राहत नाही.

मूळ पानांचे तरी काय? प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2013 सालच्या वेबपानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. ‘मिलियन डॉलर होमपेज’ हे 2005 चे पान अजून जालावर आहे. त्यावरचा एकेक ठिपका एकेक डॉलरला विकला गेला होता. हार्वर्डच्या ग्रंथालय प्रयोगशाळेने 2017 मध्ये त्यावरचे 2,816 दुवे तपासले, तेव्हा 547 ठिकाणी काहीच मिळाले नाही. म्हणून आवडलेल्या गोष्टीची प्रत त्याच दिवशी करावी.

प्रतीची सर्वांत सोपी जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन. 1996 पासून पाने साठवणाऱ्या या संस्थेने 2001 मध्ये ते सर्वांना खुले केले. तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत स्वच्छ दुवा टाकला की तारीख-वेळेसह कायमचा पत्ता मिळतो. तो लगेच उघडून पानाच्या तळापर्यंत जावे. खाली सरकवल्यावरच येणारी चित्रे, लॉगिनमागचा मजकूर आणि बहुतेक व्हिडिओ त्यात उतरत नाहीत. नकाशे किंवा खेळ असतील तर बटणे दिसतात आणि दाबल्यावर काही होत नाही. अशा पानासाठी आपल्या संगणकावर वेगळी प्रत हवी. ‘सिंगलफाइल’ हे ब्राउझरला जोडायचे साधन मजकूर, चित्रे आणि मांडणी एकाच एचटीएमएल फाइलीत बांधते. आधी पान तळापर्यंत सरकवून सगळी चित्रे येऊ द्यावीत आणि मगच बटण दाबावे. स्क्रीनशॉटवर विसंबू नये: त्यातला मजकूर नीट शोधता येत नाही आणि दुवे नाहीसे होतात.

प्रत असूनही ती चालेनाशी होते, हा धडा फ्लॅशने दिला. हजारो छोटे खेळ आणि चित्रफिती या तंत्रावर उभ्या होत्या. ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार काढला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने त्या चालवणे थांबवले. ज्यांनी नुसते दुवे ठेवले होते त्यांच्याकडे रिकाम्या चौकटी उरल्या. ज्यांनी फ्लॅशच्या मूळ एसडब्ल्यूएफ (swf) फायली उतरवून ठेवल्या होत्या, त्यांना आज ‘रफल’ या साधनात त्यांतल्या बऱ्याच पुन्हा चालवता येतात.

नोंदीसाठी साधी तक्त्याची फाइल पुरते. कर्ता, मूळ दुवा, प्रसिद्धीची तारीख, आपण पाहिल्याची तारीख, प्रतीचा पत्ता, वापराचा परवाना आणि ‘हे का ठेवले’ याचे स्वतःच्या शब्दांतले एक वाक्य, एवढे रकाने ठेवावेत. या वाक्याचा लोक कंटाळा करतात, आणि वर्षभराने पाचशे दुवे समोर असताना हवी ती गोष्ट त्यावरूनच सापडते. संग्रह एकाच सेवेच्या भरवशावर सोडू नये. आवडत्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणारे गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाले, नंतर वाचायचे दुवे साठवणारे पॉकेट 8 जुलै 2025 रोजी. दर तीन महिन्यांनी सगळे उतरवून घ्यावे आणि ती फाइल उघडून बघावी. अनेकदा तिच्यात फक्त शीर्षके आणि दुवे असतात, लेखांचा मजकूर नसतो.

वृत्तपत्राला छापण्याचा हक्कही पाहावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये तीन लाख 75 हजार आणि स्मिथसोनियनने 2020 मध्ये 28 लाख चित्रे कोणालाही वापरण्यास मोकळी केली. त्यांतले चित्र घेतले तर वस्तूचा नोंदणी क्रमांकही द्यावा, म्हणजे वाचक थेट तिथे पोहोचेल.

तेव्हा चौकटीत कर्त्याचे नाव, मूळ पत्ता आणि पान शेवटचे उघडून पाहिल्याची तारीख द्यावी, अशी विनंती आहे. कर्ता सापडला नसेल तर तसे स्पष्ट छापावे, एखादा वाचक नक्की कळवेल. लांब पत्ता वाचकाला टंकता येत नाही, म्हणून क्यूआर कोड द्यावा, पण त्यात मूळ दुवाच असावा. मधल्या कंपनीच्या सेवेतून फिरवणारा बदलता कोड त्या सेवेची वर्गणी थांबली की मरतो, आणि छापलेला अंक परत घेता येत नाही. इथेही स्वच्छ दुव्याचा फायदा होतो. कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय असते. तिची मध्यम पातळी धरली तर साठ अक्षरांचा दुवा 33 गुणिले 33 घरांत, म्हणजे कोडच्या छोट्या चौकोनांत, मावतो. शेपटासह तो दोनशे अक्षरांचा झाला तर 57 गुणिले 57 घरे लागतात. तेवढ्याच जागेत घरे बारीक होतात, वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि फोन कोड वाचत नाही. कोडच्या चारी बाजूंना चार-चार घरांएवढी कोरी जागा हवी. चौकटीची रेघ तिच्यात येऊ देऊ नये, एवढे पान लावणाऱ्यांना जरूर सांगावे.

आपले,
काही संग्राहक वाचक