नवं डांबर, जुनीच भेग

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कॉलनीच्या मेन रोडवर दिवाळीनंतर नवं कार्पेट टाकलं आणि मे महिन्यात मधोमध सरळ भेग वर आली, बरोबर तिथेच जिथे केबलसाठी चर खोदून बुजवला होता. विचारलं तर उत्तर ठरलेलं, पाऊस जास्त आणि ट्रक ओव्हरलोड. अहो, पाऊस अजून पडायचाय! आणि पडला तरी तो काय पट्टी लावून भेग पाडतो?

मी रस्त्यांच्याच कामात नोकरी केली म्हणून लिहितोय. ही भेग खालून येते. जुना तडा तसाच ठेवून वर 30-40 मिमीचा थर टाकला की चाक येताना तड्याची एक कड दबते, पुढे गेलं की दुसरी, त्यात ऊन-थंडीने तडा उघडतो-मिटतो ते वेगळंच, आणि हे सगळं नव्या थराला त्या एकाच रेषेवर सोसावं लागतं, मग तो फाटणारच ना. थर जाड केला तर भेग उशिरा येते एवढंच. रुंदीकरणात जुना-नवा रस्ता जिथे जुळतो तिथेही हाच प्रकार.

तडे साफ करून सील करणं, मधे सामी म्हणजे ताण झेलणारा रबर-डांबराचा पातळ थर किंवा जिओटेक्सटाइल कापड टाकणं, यातलं नवीन काहीच नाही, इंडियन रोड्स काँग्रेसच्या गाइडलाइन्स आहेत. पण कापडाखाली चौरस मीटरला साधारण 1 किलो गरम डांबर लागतं, ते कापडात मुरलं तरच पाणी अडतं. आपल्याकडे नेहमीच्या टॅक कोटसारखं, म्हणजे दोन थर चिकटवायला मारतात तसं, पाव किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) शिंपडून कापड अंथरलं तर ते नुसतं पैसे वाया घालवणं, थर सुटून यायची भीती वेगळी. वरचा माल जास्त तापलेला आला तर पॉलिप्रॉपिलीनचं कापड 160-165 डिग्रीला वितळतं, ते कोण बघणार?

आणि चराच्या कडा चाकाखाली वरखाली हलत असतील तर कुठलंही कापड कामाचं नाही. तिथे चर परत उकरून थराथराने दाबून भरायलाच हवा, मग वरचं डांबर.

काँक्रीटवर डांबर टाकलं असेल तर खालच्या जॉइंटच्या बरोबर वर आपणच कटरने सरळ काप घेऊन सीलंट भरायचं. भेग येणारच, तर ती वेडीवाकडी फुटण्यापेक्षा सरळ आणि बंद राहिलेली बरी.

मागणी एवढीच की डांबर पडायच्या आधी तड्यांचे फोटो आणि नकाशा मोजमाप पुस्तकाला जोडा, आणि तडे दुरुस्तीचा आयटम टेंडरमध्ये वेगळा दाखवा. आत्ता तो आयटमच नसतो, त्यामुळे कंत्राटदाराला तरी काय बोलणार.

– एक निवृत्त ओव्हरसियर, नाशिक