फोटो कुणाचा, नाव कुणाचं!

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकी रंगभूमीवरचा जुना विनोदी नट बर्ट विल्यम्स याच्यावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण सोबत फोटो छापलात तो अल जोल्सनचा! तोंडाला काळं फासलेला गोरा नट, आणि खाली ठळक टायपात 'बर्ट विल्यम्स'.

चुका होतात, मान्य. पण नेमकी हीच व्हावी? विल्यम्स १८७४ साली बहामातल्या नासाऊचा जन्म, कृष्णवर्णीय, पण रंगाने उजळ. गोऱ्या नटांनी रंगवून दाखवलेला 'काळा'च प्रेक्षकांना हवा असायचा, म्हणून हा माणूस स्वतःच्या तोंडाला जळक्या बुचाची काजळी लावून, हातमोजे चढवून रंगमंचावर यायचा. जोडीदार नट जॉर्ज वॉकरबरोबर त्याने १९०३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'इन डाहोमी' हे संगीत नाटक केलं, त्याच वर्षी बकिंगहॅम राजवाड्यातही खेळ केला. १९१० साली निर्माता झीगफेल्डने त्याला आपल्या 'फॉलीज' या नाच-गाणी-विनोदाच्या कार्यक्रमात घेतलं, तर काही गोरी नटमंडळी कंपनी सोडायच्या गोष्टी करू लागली. झीगफेल्डने त्यांना सुनावलं की तुमच्या जागी दुसरं कुणीही मिळेल, याच्या जागी नाही. तुमच्या पुरवणी विभागाला मात्र लगेच मिळाला!

१९१६ च्या 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' या मूकपटात तो कोठडीत एकटाच बसून पोकर खेळतो. हातात पत्ता नाही, समोर माणूस नाही. तरी पिसणं, वाटणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून आपला डाव चोरून बघणं, सगळं दिसतं. तो मूकपट इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली एक चौकट उचलली असती तरी भागलं असतं.

माझ्या चिडण्याला कारण आहे. आमच्या काकांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत एका दैनिकाने (नाव घेत नाही) भलत्याच मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो छापला होता. काका जन्मभर सफाचट. काकू दिवसभर फोन घेऊन 'हे आमचे नव्हेत' सांगत बसल्या. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, निविदांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात दिलगिरी. पैसे मात्र पूर्ण घेतले होते.

तेव्हा दुरुस्ती छापाल ती पुरवणीच्या पहिल्या पानावर, विल्यम्सच्या खऱ्या फोटोसह छापा. आणि जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर 'पुढील अंकी' म्हणून गेला महिनाभर सांगता आहात. तो अंक निघाला का?

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज