गरवायला येताय? आधी तिथी बघा

महोदय,

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईचे हौशी देवगड-वेंगुर्ल्याच्या कातळांवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला येतात. रॉड महागडा, पण भरती कधी याचा पत्ता नसतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ.

खाडीत तांबोशी (तांबडा मासा) हवी तर ओहोटी लागताना कांदळवनातल्या ओहळाच्या तोंडाशी जिवंत कोळंबी सोडावी. पाणी उतरताना बारीक मासळी तिथूनच बाहेर येते. तांबोशी गरी गिळताच मुळांकडे धावते आणि तिथल्या कालवांवर दोरी कापली जाते. म्हणून पुढे ४०-५० पौंडांचा दोन-तीन फूट लीडर, म्हणजे गरीजवळचा जाड दोरीचा तुकडा हवाच. रीलचा ड्रॅग (ज्या ताणाला रील दोरी सोडू लागतं तो) दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवावा, तोही ताणकाट्यावर मोजून; बोटांच्या अंदाजाने नव्हे. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

शिंगटी (विषारी काट्यांचा मिशाळ मासा) लागली तर हात लावू नका, पक्कड वापरा. तिचा काटा रुतल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून दवाखाना गाठावा.

कातळावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. ओला कातळ म्हणजे लाट तिथवर येतेच. लाइफ जॅकेट नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटाड्याने सरळ परत पाठवावं, पैसे बुडाले तरी.

आपल्या कोकण आवृत्तीत भरतीच्या वेळांसोबत इन्कॉईस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा उंच लाटांचा इशाराही रोज छापावा, ही विनंती.

— एक वाटाड्या, देवगड