गळा बदलला की रिफही बदलतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचे पहिले गायक ऑझी ऑस्बोर्न २२ जुलै २०२५ रोजी गेले. तेव्हापासून त्यांच्यावर बरंच लिहून आलं, आणि आपल्या रविवार पुरवणीतला लेखही मनापासून लिहिलेला होता. फक्त त्यात १९७९ नंतरच्या ब्लॅक सबाथला लेखकाने एका वाक्यात निकालात काढलं आहे: ऑझी बाहेर पडले आणि उरला तो नावापुरता सबाथ. हेवी मेटलमध्ये कुठल्याही बँडचा गायक बदलला की हा शेरा ठरलेला असतो. तो वाचून वाचून कंटाळलो, म्हणून हे पत्र.

नव्या गायकामुळे बँडचं संगीत बदलतं असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात ते किती आणि कसं बदलणार हे बाकीची मंडळी ठरवतात. नव्या गळ्यासाठी त्यांनी नव्याने काही रचलं, तर बँड बदलतो. जुन्याच मापाचा अंगरखा त्याच्या अंगावर चढवला, तर बँड आहे तिथेच राहतो आणि खापर गायकाच्या डोक्यावर फुटतं.

सबाथचंच बघा. १९७० सालचं 'आयर्न मॅन' कानाशी हेडफोन लावून ऐका. टोनी आयोमींची गिटार जी चाल वाजवते, तीच ऑझी गातात, अगदी स्वरास स्वर. गळा रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या छोट्या चालीला, सोडून कुठेही जात नाही. त्या गाण्यातलं जडपण, अंगावर चालून येणारी ती चाल, या एकत्र जाण्यातूनच येते. आता १९८० च्या 'हेवन अँड हेल' या अल्बमचं शीर्षकगीत लावा. सुरुवातीचा रिफ तितकाच दणदणीत आहे, पण कडवं सुरू झालं की गिटार मागे सरते. खाली गीझर बटलर यांची बास गिटार एकसारखी धडधडत राहते आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत ऑझींनंतर आलेले गायक रॉनी जेम्स डिओ लांबलचक ओळी चढवत नेतात. गिटार मधूनच एखादी सुरावट टाकून पुन्हा गप्प होते. ऑझी रिफबरोबर गायचे आणि डिओ रिफला आडवे जाऊन, हे आयोमींनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. असा आडवा जाणारा गायक मिळाला की गिटारवाल्याला जागा सोडून वाजवावं लागतं. आयोमींनी ती सोडली. शिवाय ऑझींच्या काळात बहुतेक शब्द बटलर लिहीत. डिओ स्वतःचे शब्द घेऊन आले, आणि युद्ध, वेड, धूर यांच्या जागी जादूगार नि राजे आले. (ते राजे मला फारसे आवडत नाहीत, पण तो मुद्दा वेगळा.)

आपले लेखक यावर म्हणतील, मग तो सबाथ कुठे राहिला? पण रिफ कोणाचा आहे? १९७० मध्ये ज्या हाताचा होता, त्याच हाताचा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. 'हेवन अँड हेल'चा निर्माता होता मार्टिन बर्च. त्या अल्बमची स्वच्छ, रुंद ध्वनिमुद्रणाची धाटणी पुष्कळशी त्याची आहे, आणि तिचं श्रेय डिओंच्या खात्यावर जमा होतं. गायक आणि निर्माता एकाच वेळी बदलले की कोणामुळे काय झालं हे वेगळं काढणं कठीण जातं.

म्हणून आयर्न मेडन या बँडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९८१ चा 'किलर्स' आणि १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' या दोन अल्बमांत स्टीव्ह हॅरिस, डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ, क्लाइव्ह बर ही चौकडी तीच आहे. निर्माता तोच, पुन्हा मार्टिन बर्च. मध्ये साधारण वर्षाचं अंतर. बदलला तो फक्त गायक: पॉल डिआनो गेले, ब्रूस डिकिन्सन आले. आणि दोन अल्बम एकापाठोपाठ ऐकले तर बँड वेगळाच वाटतो. डिआनोंच्या आवाजात गल्लीतल्या भांडणाचा खरखरीतपणा होता, पंक या रांगड्या, साध्या रॉकच्या जवळचा. गाणी त्याला साजेशी आखूड आणि झटक्याची. डिकिन्सन सूर वर नेऊन तिथेच धरून ठेवू शकत होते, त्यामुळे ध्रुवपदं उंच आणि लांब झाली, मैदानभर लोकांनी म्हणावी अशी. पण इथे एक तपशील नेहमी सुटतो. 'किलर्स'मधली बरीचशी गाणी हॅरिसकडे आधीपासून तयार होती. 'बीस्ट'साठी साठा संपला होता, सगळं नवं लिहावं लागलं. म्हणजे नवा गळा समोर असताना पाटी कोरी होती. हा योग जुळला नसता तर डिकिन्सनही डिआनोंची गाणी गात बसले असते आणि कोणीतरी लिहिलं असतं, नावापुरता मेडन.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही, कारण पुढे नेमकं तेच झालं. १९९३ मध्ये डिकिन्सन बाहेर पडले आणि ब्लेझ बेली आले. बेलींचा आवाज खालच्या पट्टीतला, दाट, काळोखी. 'द एक्स फॅक्टर' (१९९५) आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८) हे दोन अल्बम त्यांनी गायले. स्टुडिओत काही गाणी त्यांच्या आवाजाला चपखल बसली. 'साइन ऑफ द क्रॉस' हे अकरा मिनिटांचं गाणं त्यातलंच. रंगमंचावर मात्र दर रात्री डिकिन्सनची गाणी डिकिन्सनच्याच पट्टीत म्हणायची होती. आपल्याकडे नवशिक्यालाही कळतं की दुसऱ्याच्या पट्टीत गायला लावलं की चांगला गळाही उघडा पडतो. गिटारी अर्धा-एक स्वर उतरवणं हे काही जगावेगळं काम नव्हे, कितीतरी बँड ते करतात. मेडनने केलं नाही. बेलींचा घसा बसायचा, काही कार्यक्रम रद्दही झाले, आणि आजही मेडनची ती पाच वर्षं 'ब्लेझमुळे' वाया गेली असं बिनदिक्कत लिहिलं जातं. १९९९ मध्ये डिकिन्सन परतल्यावर बँडने तेच 'साइन ऑफ द क्रॉस' रिओच्या अफाट गर्दीसमोर वाजवलं. २००२ च्या थेट ध्वनिमुद्रणात ते ऐकता येतं. गाण्यात खोट नव्हती, हे त्यावरून तरी मान्य व्हावं.

उलट टोकाला जुडास प्रीस्ट हा बँड. गायक रॉब हॅलफर्ड गेल्यावर त्यांनी १९९६ मध्ये टिम 'रिपर' ओवेन्सना घेतलं. ते प्रीस्टचीच गाणी म्हणणाऱ्या एका बँडचे गायक, म्हणजे हॅलफर्डच्या किंकाळीसकट सगळं तयार. इतका मिळताजुळता गळा मिळूनही १९९७ चा 'जगुलेटर' जुन्या प्रीस्टसारखा वाटत नाही: गिटारी खाली उतरवलेल्या, रिफ जाडजूड, सगळा रोख त्या दशकातल्या अमेरिकी मेटलकडे. तो बदल ओवेन्सनी आणला नव्हता, गिटारवाल्यांना तो हवा होता. २००३ मध्ये हॅलफर्ड परत आले आणि ओवेन्सच्या काळातली गाणी रंगमंचावरून जवळपास गायब झाली.

१९८३ मध्ये डीप पर्पल या बँडचे पूर्वीचे गायक इयन गिलन सबाथमध्ये आले, त्या प्रकरणाबद्दल लिहायचा मोह आवरतो. ज्या दौऱ्यात सबाथला डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवावं लागलं, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

गुरगुरणाऱ्या गायनाला हा नियम कमी लागू पडतो, कारण त्यात पट्टीचा प्रश्नच फारसा येत नाही. आर्च एनिमी या बँडमध्ये योहान लीवा यांच्या जागी अँजेला गॉसो आल्या तेव्हा चर्चा झाली ती बाईच्या गळ्यातून असा आवाज निघतो याची. चाल गिटारीच सांभाळत होत्या, त्या सांभाळत राहिल्या.

आपल्या परीक्षकांना एकच विनंती आहे. नव्या गायकाचा अल्बम हाती आला की 'जुन्याची सर नाही' लिहिण्याआधी गाणी कोणी आणि कधी लिहिली, निर्माता बदलला का, आणि गिटारी कुठल्या पट्टीत लावल्या आहेत, एवढं वाचकांना सांगावं. बेलींबद्दल शंका असेल तर मेडनमधून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःचा बँड काढून २००० मध्ये केलेला 'सिलिकॉन मसाया' ऐकावा. निर्माता अँडी स्नीप. त्यातलं प्रत्येक गाणं त्याच खालच्या, दाट आवाजासाठी बेतलेलं आहे, आणि तो आवाज कुठेही धापा टाकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक