मित्रास पत्र : त्या खोलीतली शांतता

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात तू तुझा पहिला लघुपट चित्रित करणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. आमच्या लघुपटातून काय शिकलो ते सविस्तर कळव, असे तू लिहिले आहेस. गेल्या आठवड्यात संकलन संपले असून सारे अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

गोष्ट तुला ठाऊक आहेच : आईच्या मृत्यूनंतर तिची खोली आवरायला आलेल्या दोन बहिणी, त्यांच्यामध्ये एक ट्रंक, आणि बोललेल्यापेक्षा न बोललेलेच अधिक. त्या अबोल्यासाठीच मी ही गोष्ट निवडली होती. असे असूनही चित्रीकरणाच्या तीन दिवसांत आमचे सर्वांत कमी लक्ष गेले ते आवाजाकडे. कोणती लेन्स घ्यावी, खिडकीतला प्रकाश कसा अडवावा, यांवर आम्ही रात्री जागवल्या. ध्वनिमुद्रण मात्र ज्याच्याकडे दुसरे काम उरले नव्हते त्याच्याकडे सोपवले. त्याने ते निष्ठेने केले. त्याला काय हवे ते मीच सांगितले नव्हते.

संकलनाला बसल्यावर चूक लक्षात आली. कोणतीही खोली पूर्ण निःशब्द नसते. पंखा, दूरची रहदारी, भिंतींवरून परतणारा आवाज यांची मिळून एक बारीक गुणगुण तिथे सतत चालू असते. चित्र एकदम बदलले तरी डोळे ते सहज स्वीकारतात, पण ही गुणगुण मध्येच तुटली की कानाला ताबडतोब खड्डा जाणवतो. आमच्या काही शॉटमध्ये पंखा चालू होता, काहींत बंद. त्यामुळे थोरलीचे वाक्य संपून धाकटीचा चेहरा आला की त्यांच्यामधला अबोला जाणवण्याऐवजी जोड ऐकू यायचा. यावरचा उपाय अगदी साधा आहे. जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना आहेत तिथेच स्तब्ध उभे करायचे आणि त्याच मायक्रोफोनने मिनिटभर खोलीचा नुसता आवाज मुद्रित करायचा. यालाच रूम टोन म्हणतात. संकलनात तो संवादांच्या खाली पसरला की जोड बुजतात. आम्ही तो घेतलाच नव्हता. महिन्याभराने तेवढ्यासाठी पुन्हा गेलो, तर खोली रिकामी झालेली. गाद्या, पडदे, कपडे आवाज शोषून घेतात. ते गेल्यावर तिथे नुसते खाकरले तरी घुमत होते. आमच्या खोलीची शांतता आता कुठेच उरली नव्हती, आणि त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटले.

अखेर प्रत्येक टेकमधले ‘ॲक्शन’पूर्वीचे आणि शेवटच्या शब्दानंतरचे सेकंद-दोन सेकंद वेचून आम्ही ती शांतता तुकड्या-तुकड्यांनी जोडली. त्या कामाला चार दिवस गेले. ते तुकडे ऐकताना आणखी एक गोष्ट कळली : मी ‘कट’ फार घाईने म्हणत होतो. एका टेकमध्ये मी बोलायला विसरलो होतो, आणि संवाद संपल्यावर थोरलीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने ट्रंकेच्या झाकणावर क्षणभर तळहात ठेवला होता. पटकथेत ते नव्हते. आज आमचा लघुपट त्या हातावर संपतो. म्हणून माझी तुला आग्रहाची विनंती आहे, की शेवटच्या शब्दानंतर मनात पाच आकडे मोजल्याशिवाय ‘कट’ म्हणू नकोस.

अभिनयाबाबतचा धडाही मला तिनेच दिला. मी तिला ‘अजून दुःखी दिसायला हवे’ असे सांगत राहिलो आणि प्रत्येक टेक आधीच्यापेक्षा खोटा होत गेला. सातव्या टेकनंतर तिने शांतपणे विचारले, “या क्षणी हिला नेमके काय हवे आहे?” मी विचार करून म्हणालो, “हात थरथरताहेत ते धाकटीला दिसू नये, अशा बेताने तिला शालीची घडी घालायची आहे.” त्यानंतरच्या पहिल्याच टेकला सगळे स्तब्ध झाले. त्यात फोकस किंचित हुकला आहे. तरीही आम्ही तोच ठेवला, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

प्रकाशाबद्दल थोडक्यात लिहितो. थोरलीचे शॉट दुपारी दोनला घेतले, तिला उत्तर देणाऱ्या धाकटीचे साडेपाचला. पडद्यावर एकाच संभाषणात ऊन खिडकीतून भिंतीवर चढते. खिडकी ज्यांत दिसते ते शॉट एकापाठोपाठ उरकून घे, मग पटकथेतला क्रम काहीही असो. समोरासमोर बसलेल्या दोघींमध्ये एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेव. एकदा आम्ही ती ओलांडली आणि दोघी एकमेकींकडे न पाहता एकाच दिशेला पाहताहेत असे दिसू लागले. आवाज वेगळ्या यंत्रावर मुद्रित करणार असशील, तर क्लॅप, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर आपटायची पाटी, कधीही चुकवू नकोस. सेकंदाला चित्राच्या 24 चौकटी (फ्रेम) असल्या तरी थोड्याशा चौकटी मागेपुढे झाल्या की ओठ आणि शब्द वेगळे पडतात. रोजचे चित्रीकरण झोपण्यापूर्वी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेव.

पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशेबाने आमची 11 पाने होती. पहिले संकलन 19 मिनिटांचे झाले. आज लघुपट 9 मिनिटांचा आहे. धाकटी आईचे पत्र वाचते तो प्रसंग मला सर्वांत प्रिय होता आणि तोच काढावा लागला, कारण दोघींनी जे मनात दाबून ठेवले होते ते सारे त्या पत्रात उघड होत होते. काढल्यावर दोन दिवस चुटपुट लागून राहिली, पण पुढचा प्रसंग प्रथमच मोकळा श्वास घेऊ लागला.

तुझ्या शॉटची यादी तयार झाली की पाठव, आपण एकत्र बसून पाहू. आणि चित्रीकरणाच्या सर्व दिवशी हेडफोन लावून कोपऱ्यात बसण्याचे काम माझ्यासाठी राखून ठेव. शेवटच्या दिवशी सामान आवरण्याआधीचे ते एक मिनिट मी स्वतः मुद्रित करीन.

तुझाच,
मित्र